२०४१ साली मुंबईला किती पाणी लागेल, हे ठरवतात कसं?

जून उजाडला की मुंबईच्या वर्तमानपत्रांत एक छोटी चौकट रोज दिसायला लागते. अप्पर वैतरणा, मोडकसागर, तानसा, मध्य वैतरणा, भातसा, विहार, तुळशी अशी सात नावं आणि प्रत्येकापुढे साठ्याचा आकडा. आपण टक्का बघतो आणि पान उलटतो. त्या चौकटीतला एक आकडा मात्र थांबून बघण्यासारखा आहे. सातही तलाव काठोकाठ भरले, तर मुंबईच्या वाट्याचं वापरण्याजोगं पाणी होतं १४ लाख ४७ हजार ३६३ दशलक्ष लिटर. एक दशलक्ष लिटर म्हणजे दहा हजार लिटरचे शंभर टँकर.

आता या आकड्याला ३६५ ने भागा. उत्तर येतं रोज ३,९६५ दशलक्ष लिटर. शहराला रोज प्रत्यक्षात मिळतं ते ३,८५० ते ४,००० च्या दरम्यान. म्हणजे पावसाळा भरभरून झाला तरी आपल्या खात्यात बरोबर वर्षभराचं पाणी जमा होतं, वर फारसं काही उरत नाही. पाऊस दोन-तीन आठवडे लांबला की कपात ठरलेलीच. २०२४ मध्ये ५ जूनपासून १० टक्के कपात लागली, ती जुलैअखेर तलाव भरत आल्यावर उठली. त्याआधी भातसा आणि अप्पर वैतरणाचा राखीव साठा मागून घ्यावा लागला होता.

एवढ्या काठावर चालणाऱ्या शहराला पुढच्या पंधरा-वीस वर्षांचा विचार आजच करावा लागतो, कारण धरण मागितलं की लगेच मिळत नाही. डॉ. माधव चितळे यांच्या अध्यक्षतेखालच्या तज्ज्ञ समितीने १९९४ च्या सुमारास मुंबईसाठी मध्य वैतरणा, गारगाई, पिंजाळ अशी धरणं सुचवली. त्यातलं मध्य वैतरणा २०१४ मध्ये पूर्ण झालं आणि शहराला रोज ४५५ दशलक्ष लिटर जास्त मिळू लागलं. शिफारशीपासून नळापर्यंत वीस वर्षं गेली. गारगाई आणि पिंजाळ अजून झालेली नाहीत. म्हणून २०४१ चा अंदाज हे ज्योतिष नाही, ती आज काढायची ऑर्डर आहे. अंदाज कमी निघाला तर शहर तहानलेलं राहतं. जास्त निघाला तर कुणाचं तरी गाव आणि जंगल विनाकारण पाण्याखाली जातं.

डोकी मोजायची कशी?

पहिली पायरी लोकसंख्येची. बृहन्मुंबईची जनगणना लाखांत मांडली तर अशी दिसते: १९५१ साली २९.९४, मग ४१.५२, ५९.७१, ८२.४३, ९९.२६, २००१ ला ११९.७८ आणि २०११ ला १२४.४२. कागद-पेन्सिल घेऊन बसलात तर पुढचं गणित स्वतः करता येईल, आणि ते करून बघावं असंच आहे.

सगळ्यात साधी रीत म्हणजे दर दहा वर्षांत सरासरी किती माणसं वाढली ते काढायचं आणि तेवढीच पुढे मिळवत जायचं. साठ वर्षांत वाढ झाली ९४.४८ लाख, म्हणजे दशकाला सरासरी १५.७५ लाख. २०११ च्या आकड्यात हे तीनदा मिळवलं की २०४१ साली १ कोटी ७२ लाख येतात.

दुसरी रीत चक्रवाढ व्याजाची. दर दशकात लोकसंख्या किती टक्क्यांनी वाढली ते बघायचं. मुंबईची सरासरी निघते २७.६ टक्के. हा दर तीन दशकं लावला तर २०४१ ला होतात २ कोटी ५८ लाख.

आता फक्त शेवटचं दशक घ्या. २००१ ते २०११ मध्ये वाढ झाली अवघी ४.६४ लाख, चार टक्क्यांच्याही आत. तेवढाच वेग धरला तर २०४१ ला १ कोटी ३८ लाख.

आकडे तेच, शहर तेच, तिन्ही गणितं बिनचूक, आणि उत्तरात १ कोटी २० लाखांचा फरक. ‘लोकसंख्या एवढी होणार’ असं कुणी छातीठोक सांगितलं की पहिला प्रश्न हाच विचारायचा: कुठल्या रीतीने काढलंत?

चक्रवाढीची रीत तरुण, मोकळी जागा असलेल्या शहराला लागू पडते. १९५१ ते १९८१ ची मुंबई तशी होती. फाळणीनंतर आलेले निर्वासित, गिरण्या, उपनगरांतली रिकामी जमीन, सगळं होतं. आजच्या मुंबईला तो दर लावणं चूक आहे. शहर भरत आलं की वाढीचा वेग मंदावतो, आणि मुंबईत तो दिसायलाही लागला आहे. कुलाब्यापासून माहीम-सायनपर्यंतच्या बेटाच्या मुंबईत २००१ साली ३३.३८ लाख माणसं होती, २०११ ला ३०.८५ लाख. तिथे लोक चक्क कमी झाले. त्याच काळात उपनगरं ८६.४० लाखांवरून ९३.५७ लाखांवर गेली, आणि त्या वेळच्या अखंड ठाणे जिल्ह्याने ८१ लाखांवरून १ कोटी १० लाखांवर उडी मारली. लालबाग-परळचं कुटुंब डोंबिवलीला किंवा विरारला गेलं की मुंबईच्या आकड्यातून वजा होतं, पण त्याची तहान काही वजा होत नाही.

म्हणून जाणकार आणखी एक रीत वापरतात. वयोगटांप्रमाणे जन्म किती होतील, मृत्यू किती, बाहेरून किती येतील आणि किती बाहेर जातील, हे वेगवेगळं मांडायचं. महाराष्ट्रात एका स्त्रीमागे सरासरी मुलांचं प्रमाण २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत १.७ वर आलं होतं, लोकसंख्या आहे तिथे टिकायला ते साधारण २.१ लागतं. म्हणजे नुसत्या जन्मांनी मुंबई वाढणार नाही. खरा सवाल येणाऱ्या-जाणाऱ्यांचा, आणि तो रोजगारावर, घरांच्या किमतीवर, लोकल कुठपर्यंत पोचली यावर अवलंबून असतो. त्यात चकवा बसू शकतो, याचा पुरावा मुंबईच्या इतिहासातच आहे. विहार तलावाचं पाणी १८६० मध्ये सुरू झालं. लगेच अमेरिकेतल्या यादवी युद्धामुळे इथल्या कापसाला सोन्याचा भाव आला, माणसांचा लोंढा लागला आणि १८६४ च्या मोजणीत शहराची लोकसंख्या भरली ८ लाख १६ हजार. युद्ध संपलं, तेजी फुटली आणि १८७२ च्या जनगणनेत ती ६ लाख ४४ हजार निघाली. १८६४ चा आकडा समोर ठेवून कुणी चक्रवाढ मांडली असती तर काय झालं असतं!

माणशी किती लिटर?

इथवरचं गणित बहुतेकांना ठाऊक असतं. खरा घोळ यापुढे आहे. लग्नाच्या आचाऱ्याला नुसती पानं किती एवढं सांगून भागत नाही, बेत काय तेही सांगावं लागतं. पाण्याचंही तसंच आहे. डोक्यांना कशाने गुणायचं, हे ठरवल्याशिवाय मागणी निघत नाही.

केंद्र सरकारच्या पाणीपुरवठा नियमावलीत महानगरांसाठी माणशी रोज १५० लिटर हा दंडक आहे. वरच्या तीन उत्तरांतलं मधलं, १ कोटी ७२ लाख लोक, घ्या आणि १५० ने गुणा. उत्तर २,५८० दशलक्ष लिटर. हे २०४१ साठी. आणि आज शहराला मिळतंय ३,८५० च्या वर!

हे वाचून गोंधळायला होईल, आणि व्हायलाच हवं. उलटं करून बघा. ३,८५० दशलक्ष लिटरला २०११ च्या लोकसंख्येने भागलं तर माणशी ३०९ लिटर येतात. लोकसंख्या आज १ कोटी ३० लाख धरली तरी २९६. दंडकाच्या जवळजवळ दुप्पट. तरीही महापालिकेच्या हिशोबात आजची मागणी साडेचार हजारांच्या आसपास सांगितली जाते, आणि मानखुर्द, गोवंडीच्या वस्त्यांत बायका हंडे घेऊन पहाटे उभ्या असतात. पाणी कागदावर माणशी तीनशे लिटर आहे, तर जातं कुठे?

थोडं ठाणे-भिवंडीकडे जातं. बरंचसं घराबाहेर वापरलं जातं. नियमावलीत शंभरपेक्षा जास्त खाटांच्या रुग्णालयाला दर खाटेमागे रोज ४५० लिटर, हॉटेलला खाटेमागे १८०, कार्यालयाला माणशी ४५ लिटर धरतात. विरार, कल्याण, पनवेलहून रोज कामाला येणारी माणसं जनगणनेत तिकडे मोजलेली असतात, पण त्यांचा दिवसभराचा वापर मुंबईच्या नळावर होतो. अशी दहा लाख माणसं धरली तर ४५ दशलक्ष लिटर. आकडा छोटा आहे, पण मांडायला विसरायचा नाही.

सगळ्यात मोठा हिस्सा गळतीचा. पांजरापूर आणि भांडुपला शुद्ध झालेलं पाणी नळापर्यंत येईतो जुन्या जलवाहिन्या, सडलेले सांधे, बेकायदा जोडण्या, बंद मीटर यांत किती हरवतं? चौथ्या हिश्श्यापासून तिसऱ्या हिश्श्यापर्यंतचे आकडे वेळोवेळी पुढे आले आहेत. केंद्राच्या दंडकाप्रमाणे ते १५ टक्क्यांच्या वर जाऊ नये. आता हा फरक २०४१ च्या गणितात घाला. घरगुती २,५८० दशलक्ष लिटर लोकांच्या हातात पडायचे असतील, तर १५ टक्के गळती धरून तलावातून ३,०३५ सोडावे लागतात. तिसरा हिस्सा गळत असेल तर ३,८७०. फरक ८३५ चा. पिंजाळ धरणातून अपेक्षित असलेलं पाणी आहे ८६५. म्हणजे गळतीच्या रकान्यात कुठला टक्का लिहिला, एवढ्यावर एक अख्खं धरण लागतं किंवा लागत नाही.

अर्थात गळती बुजवली की सगळं पाणी शिल्लक पडेल असंही नाही. ‘गळती’च्या खात्यात जे दिसतं त्यातलं काही पाणी खरोखर कुणीतरी पितंय. ज्यांना अधिकृत जोडणी मिळाली नाही, त्या वस्त्यांची तहान त्यातूनच भागते. पाइप दुरुस्त करताना त्यांना रीतसर नळ द्यावाच लागेल, आणि तो दिलाच पाहिजे.

गरिबाच्या पाण्याचा रकाना

या सगळ्या हिशोबात मला सर्वांत जास्त खटकणारी गोष्ट इथे येते. पालिकेच्या नियोजनात बरीच वर्षं इमारतीतल्या माणसासाठी १३५ लिटर आणि झोपडपट्टीतल्या माणसासाठी ४५ लिटर असा हिशोब चालत आला. ४५ लिटर म्हणजे तीन बादल्या. त्यात पिणं, स्वयंपाक, भांडी, धुणं, अंघोळ आणि संडास. पाच जणांच्या घरात लहान मूल आणि अंथरुणाला खिळलेली आजी असेल तर ही भागाभागी कशी होत असेल, याचा विचार करून बघावा.

अंदाज मांडणाऱ्याने २०४१ च्या तक्त्यात हाच ४५ चा आकडा पुढे ओढला, तर मागणी कमी दिसते आणि तक्ता नीटनेटका दिसतो. पण मग आजचा अन्याय आपण पुढच्या वीस वर्षांसाठी पाइपांच्या व्यासात पक्का करून टाकतो. २०११ च्या जनगणनेत मुंबईतली सुमारे ४२ टक्के माणसं झोपडपट्टीत राहत होती, म्हणजे ५२ लाख. त्यांना ४५ लिटरने रोज २३४ दशलक्ष लिटर लागतात आणि १३५ लिटरने ७०२. फरक ४६८ चा, जवळपास गारगाई धरणाएवढा. गारगाईतून अपेक्षित पाणी आहे ४४० दशलक्ष लिटर.

ही वाढ डोकं एकही न वाढता होते, आणि ती होतेच आहे. वरळीच्या बीडीडी चाळीतली १६० चौरस फुटांची खोली घ्या. मजल्यावर सामाईक संडास, पाणी आलं की पिंप भरून ठेवायचं, धुणं-भांडी त्यातच. त्याच कुटुंबाला पुनर्विकासात ५०० चौरस फुटांचं घर मिळतं. स्वतःचा संडास, फ्लश, शॉवर, वॉशिंग मशीन, कधीही तोटी सोडली की पाणी. माणसं तीच चार, पाण्याचा वापर सरळ दुपटीकडे जातो. आणि तो जायलाच हवा, त्यात कुणी नाक मुरडायचं कारण नाही. हेच धारावीत होणार, झोपडपट्टी पुनर्वसनाच्या प्रत्येक टॉवरमध्ये होणार. विकास नियमावली २०३४ ने जिथे जिथे चटई क्षेत्र, म्हणजे भूखंडावर किती बांधकाम करता येईल ती मर्यादा, वाढवून दिलं, तिथे तिथे पाण्याची मागणीही वाढवून दिली आहे. म्हणून मुंबईचा अंदाज नुसता जनगणनेवरून काढून चालत नाही, कुठल्या वॉर्डात किती पुनर्विकास मंजूर झालाय ते पुढ्यात ठेवावं लागतं. धरणात पाणी असून जलवाहिनी अपुरी, अशी वेळ याच ठिकाणी येते.

२०१४ च्या डिसेंबरमध्ये पाणी हक्क समितीच्या याचिकेवर मुंबई उच्च न्यायालयाने सांगितलं की वस्ती अनधिकृत आहे म्हणून माणसाला पाणी नाकारता येत नाही. २०२२ मध्ये पालिकेने ‘सर्वांसाठी पाणी’ धोरण आणलं. नियोजनाच्या भाषेत याचा अर्थ एवढाच की ती माणसं आता तक्त्यात असायलाच हवीत.

आणखी एक अडचण अशी की मुंबईत मागणी मोजताच येत नाही, मोजता येतो तो पुरवठा. नळाला पाणी दोन-चार तास. चावीवाला ठरल्या वेळी रस्त्यातला व्हॉल्व्ह फिरवतो, पाणी येतं, घराघरांत पिंपं, हंडे, बादल्या भरतात, वेळ संपली की तो व्हॉल्व्ह बंद करतो. लोकांना किती हवं होतं हे त्या व्हॉल्व्हला कळत नाही. वर दुसऱ्या दिवशी ताजं पाणी आलं की कालचं ‘शिळं’ म्हणून मोरीत ओततात. याला लोकांची उधळपट्टी म्हणणाऱ्यांशी मी सहमत नाही. उद्या पाणी येईलच याची खात्री नसलेल्या माणसाने पिंप भरून ठेवणं हे शहाणपणाचंच आहे. मुलुंड आणि वांद्रे पश्चिमेत चोवीस तास पाण्याचा प्रयोग हाती घेतला होता, त्यातला कळीचा मुद्दा हाच होता: दाब कायम राहिला तर लोक खरंच किती वापरतात आणि पाइप किती गळतो, हे वेगवेगळं कळतं.

पाणी येतं कुणाच्या अंगणातून

भातसा, तानसा, मध्य वैतरणा ही धरणं शहापूर, मोखाडा या पट्ट्यात. त्याच तालुक्यांतल्या आदिवासी पाड्यांवर एप्रिल-मे महिन्यात टँकर येतात, विहिरीच्या तळाशी उतरून वाटीने पाणी भरावं लागतं. धरण उशाला आणि कोरड घशाला. गारगाईसाठी वाडा तालुक्यातल्या ओगदा परिसरातली गावं उठतील आणि तानसा अभयारण्यातली लाखो झाडं जातील. म्हणूनच अंदाजात ४००-५०० दशलक्ष लिटर इकडे-तिकडे होणं ही किरकोळ चूक नाही.

धरणाशिवायचे मार्गही तक्त्यात धरावे लागतात. मनोरीला समुद्राचं पाणी गोडं करणारा २०० दशलक्ष लिटरचा प्रकल्प आखलेला आहे, तो पुढे ४०० पर्यंत वाढवता येईल. वीज मात्र भरपूर खाईल. मला त्याहून जास्त आशा सांडपाण्याकडून वाटते. वरळी, वांद्रे, मालाड, घाटकोपर, धारावी, भांडुप, वर्सोवा इथल्या सात नव्या शुद्धीकरण केंद्रांची मिळून आखलेली क्षमता रोज २,४६४ दशलक्ष लिटर आहे. त्यातलं निम्मं पाणी जरी बागा, बांधकामं, कारखाने आणि वातानुकूलन यंत्रणांना देता आलं, तर तेवढं पिण्याचं पाणी मोकळं होईल. त्यासाठी वेगळ्या जलवाहिन्या टाकाव्या लागतील, आणि अडतं तिथेच.

म्हणूनच जाणकार एकच आकडा सांगत नाहीत, दोन-तीन चित्रं मांडतात. लोकसंख्या कमी-मधली-जास्त, माणशी लिटर समान की असमान, गळती १५ टक्के की ३३, पुनर्वापर किती. मग दर पाच वर्षांनी कुठलं चित्र खरं होतंय ते तपासत राहतात. मुंबईची पंचाईत अशी की तपासायला ताजे आकडेच नाहीत. २०२१ ची जनगणना झाली नाही, आणि वर मांडलेली सगळी गणितं चौदा-पंधरा वर्षं जुन्या आकड्यावर उभी आहेत. नव्या जनगणनेची संदर्भ तारीख १ मार्च २०२७ आहे. त्याआधीच्या घरयादीच्या टप्प्यात प्रत्येक घराला विचारतात की पिण्याचं पाणी कुठून येतं आणि ते घरात मिळतं की बाहेरून आणावं लागतं. मोजणीवाले दारात येतील तेव्हा सार्वजनिक नळावरून किंवा शेजारच्या जोडणीवरून पाणी आणणाऱ्याने ‘घरात नळ आहे’ असं संकोचाने सांगू नये, जसं आहे तसंच सांगावं. वॉर्डावॉर्डातला हा आकडा हाती आला, की ४५ लिटरच्या रकान्यात किती माणसं अडकून पडलीत ते मोजता येईल.